निकॉन झेडएफ: पहिल्या दिवसांतली परीक्षणं कितपत धरायची आणि दुकानात काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या पाचपाखाडीत राहणाऱ्या एका वाचकांना निकॉन झेडएफ हा कॅमेरा घ्यायचा आहे. घरचे कार्यक्रम, पाडव्याची शोभायात्रा, परवानगी मिळाली तर नाटकाच्या रंगीत तालमी आणि हिवाळ्यात खाडीतले फ्लेमिंगो, एवढं टिपायचं आहे. वडिलांच्या एफएम२ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याबरोबरच्या ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५ अशा दोन एआय-एस (हाताने फोकस करायच्या जुन्या निकॉन) लेन्स घरात आहेत. कॅमेरा आला तेव्हाची परीक्षणं बहुतेक कौतुकाचीच दिसतात. त्यांवर विसंबून घ्यावा का?

परीक्षणं खोटी नाहीत, पण ती कधी आणि कशाच्या आधारावर लिहिली गेली हे आधी बघा. झेडएफ २० सप्टेंबर २०२३ ला जाहीर झाला आणि पहिले लेख त्याच दिवशी आले. म्हणजे लिहिणाऱ्यांकडे कॅमेरा आधी पोचला होता, पण थोड्याच दिवसांसाठी. अशा लेखात तीन गोष्टी शोधा. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) विक्रीची होती की उत्पादनापूर्वीचा नमुना? दाखवलेले फोटो कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपेग आहेत की रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) उघडून केलेले? नव्या बॉडीच्या रॉ फाइली उघडणारी सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी बहुधा तयार नसतात, त्यामुळे सावलीतला तपशील किती निघतो याबद्दलचं तेव्हाचं मत अंदाजाचं असतं. आणि तिसरं, लेन्स कोणती लावली होती? सगळे फोटो ४० मिमी एफ/२ वर काढलेले असतील तर ‘हातात छान बसतो’ हे वाक्य त्या १७० ग्रॅमच्या लेन्सपुरतंच खरं धरा.

फोटोच्या दर्जाबद्दलचं कौतुक मात्र पहिल्या दिवसापासून बिनधास्त धरण्यासारखं होतं, कारण तो भाग नवा नव्हताच. २४.५ मेगापिक्सेलचा हा फुल-फ्रेम सेन्सर निकॉनच्याच आधीच्या झेड६ आणि झेड६ टूच्या घराण्यातला आहे. त्याचा नॉइज, त्याचे रंग, सावल्या किती उचलता येतात, हे सगळं कित्येक वर्षं वापरून माहीत झालेलं होतं. नवा होता तो एक्सपीड ७ प्रोसेसर, जो आधी झेड९ आणि झेड८ मध्ये आला. त्यामुळे माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, गाडी, सायकल, आगगाडी, विमान ओळखणारा ऑटोफोकस या किमतीत मिळाला. बॉडीतलं स्थिरीकरणही चांगलं आहे. हॉलमधल्या बारशाला किंवा साखरपुड्याला आयएसओ ६४०० वर निर्धास्त काम करा.

गडबड होते ती ‘झेड८ सारखाच ऑटोफोकस’ या वाक्यात. प्रोसेसर एका पिढीचा आहे, सेन्सर नाही. झेड८ चा सेन्सर स्टॅक्ड प्रकारचा, अतिशय वेगाने वाचला जाणारा. झेडएफचा तसा नाही. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि ते वाचन मंद असलं की दोन परिणाम होतात: ऑटोफोकसला दर सेकंदाला कमी वेळा ताजं चित्र मिळतं, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर हलत्या वस्तू तिरक्या होतात. फलाटावरून सुटलेल्या लोकलच्या खिडक्या चक्क कललेल्या दिसतात. चालत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यावरचा फोकस उत्तम टिकतो. अचानक दिशा बदलणाऱ्या, झपाट्याने जवळ येणाऱ्या पक्ष्यावर झेड८ इतका टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

हे दुसऱ्याच्या शब्दावर मानायची गरज नाही, दुकानात पाच मिनिटांत तपासता येतं. नौपाड्यात जा किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, छताचा पंखा आणि एखादी साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सापडतोच. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर (सायलेंट मोडवर) ठेवा, शटर १/१०००, आणि फिरत्या पंख्याचा फोटो घ्या. पाती कोयत्यासारखी वाकलेली येतील. मग मेकॅनिकल शटरवर तोच फोटो घ्या. पाती जवळजवळ सरळ येतील. आता १/१००० वरच, पुन्हा इलेक्ट्रॉनिक शटरने, त्या दिव्याच्या उजेडातली कोरी भिंत टिपा. फोटोत काळे-पांढरे आडवे पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वरून खालपर्यंत काळे पट्टे मोजा आणि १०० ने भागा: तीन पट्टे आले तर सेन्सर वाचायला सेकंदाचे सुमारे तीन शतांश लागतात. हीच चाचणी शेजारच्या दुसऱ्या बॉडीवर करा, फरक आकड्यात समोर येईल. पट्टे आलेच नाहीत तर दिव्याचा ड्रायव्हर चांगला आहे एवढंच समजा आणि दुसरा दिवा शोधा.

आता त्याच ५० हर्ट्झमुळे एक गोष्ट, जी अमेरिकेत बसून लिहिलेल्या परीक्षणात येणं कठीण. झेडएफच्या शटर डायलवर फक्त पूर्ण पायऱ्या कोरलेल्या आहेत: ३०, ६०, १२५, २५०. तिकडची वीज ६० हर्ट्झची, त्यांना १/६० आणि १/१२५ हे आकडे दिव्यांशी जवळपास जुळतात. आपल्याला लुकलुक टाळायला १/५० किंवा १/१०० लागतं, आणि हे दोन्ही डायलवर नाहीत. डायल ‘१/३ स्टेप’ या खुणेवर नेऊन शटर मागच्या कमांड डायलने द्यावं लागतं. हॉलमध्ये तुम्ही डायल १२५ वर ठेवून ट्यूबच्या उजेडात सलग फोटो घेतलेत, तर एक फोटो उजळ, पुढचा किंचित काळपट आणि पिवळसर, असा खेळ होऊ शकतो. उपाय दोन. एक, वरचा ‘१/३ स्टेप’ आणि १/१००. दुसरा, फोटो मेनूतलं फ्लिकर रिडक्शन चालू ठेवा. कॅमेरा दिवा सर्वांत उजळ असतानाच शटर सोडतो. बर्स्ट (सलग फोटोंचा वेग) थोडा मंदावतो, तेवढं चालतं.

नाटकाचं गणित वेगळं. गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे, रंगमंचावरचे एलईडी मंद करताना ते फार वेगाने चालू-बंद केले जातात आणि ती गती ५० हर्ट्झशी बांधलेली नसते. त्यामुळे १/१०० ची युक्ती तिथे हमखास लागू पडत नाही. सायलेंट मोड वापरला की पट्टे यायची शक्यता सर्वांत जास्त, आणि नाटकात मोह नेमका त्याचाच होतो. तालमीत आवाज चालत असेल तर मेकॅनिकल शटरच ठेवा. सुरुवातीला एफ/२, १/२००, आयएसओ ३२०० ते ६४००. मागे काळा पडदा असतो, त्यामुळे सरासरी मोजमापावर चेहरे पांढरेफटक होतात. मीटरिंग हायलाइट-वेटेड (सर्वांत उजळ भाग सांभाळणारं) करा, किंवा ०.७ ते १.३ स्टॉप कमी करा. आवाज अजिबात चालत नसेल तर आधी प्रत्येक प्रकाशयोजनेत एकेक सायलेंट फोटो घ्या आणि चेहऱ्यावर शंभर टक्के झूम करून पट्टे बघा. लहान पडद्यावर ते लपतात.

डायलबद्दल बरंच कौतुक झालं, त्यातलं थोडं दुरुस्त करायला हवं. वर आयएसओ, शटर आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन असे तीन पितळी डायल आहेत. पण आयएसओ डायलखाली पी, एस, ए, एमचा खटकाही आहे. ए मोडमध्ये (ॲपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा ठरवतो) शटर डायल फिरवून काहीच होत नाही. डायल १/५०० दाखवतो आणि फोटो १/४० ने निघतो. एफएम२ ची सवय असलेल्या माणसाला हे सुरुवातीला फार खुपतं. ॲपर्चरची रिंग निकॉनच्या बहुतेक झेड लेन्सवर नाही, ते पुढच्या कमांड डायलने बदलायचं आणि वरच्या छोट्या खिडकीत वाचायचं. आयएसओ डायलवर ‘ऑटो’ अशी खूणच नाही; ऑटो आयएसओ मेनूतून चालू करावा लागतो. तो आय मेनूत (आय बटणाने पटकन उघडणाऱ्या मेनूत) आणून ठेवा, नाहीतर शोभायात्रेत सावलीतून उन्हात येताना शोधत बसाल. कॉम्पेन्सेशनच्या डायलला कुलूप नाही, बॅगेतून काढताना तो फिरतो. कॅमेरा हातात घेतला की आधी तिथे नजर टाका, किंवा तो ‘सी’वर ठेवून कॉम्पेन्सेशन कमांड डायलवर घ्या.

शटर डायलखालचा कृष्णधवल खटका सगळ्यांना आवडला आणि आवडण्यासारखाच आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये रंग नाहीसे झाले की उजेड आणि आकार जास्त चांगले कळतात. फक्त रॉ अधिक जेपेग ठेवा. नुसत्या जेपेगवर असताना खटका चुकून सरकला तर त्या मिरवणुकीतले नऊवारीचे आणि फेट्यांचे रंग परत आणता येत नाहीत. रॉमध्ये ते शाबूत असतात.

वजन आणि पकड हा सुरुवातीच्या परीक्षणांनी बरोबर पकडलेला दोष. बॅटरी-कार्डसह ७१० ग्रॅम, आणि पुढून सपाट. मूळ एफएम२ ची बॉडी ५४० ग्रॅमची होती आणि तिच्यावर बहुधा छोट्या लेन्स लागायच्या. ४० मिमी लावली की एकूण ८८० ग्रॅम, दिवसभर गळ्यात चालतं. २४-१२० एफ/४ ही ६३० ग्रॅमची लेन्स लावली की तोल पुढे जातो आणि सगळा भार उजव्या हाताच्या मधल्या बोटावर येतो. दुकानात पट्टा न लावता, एका हाताने, डोळ्याजवळ धरून पाच मिनिटं उभे राहा. अर्ध्या मिनिटात हा दोष कळत नाही, चौथ्या मिनिटाला कळतो. दुखलं तर जोडायची ग्रिप मिळते. ती घेताना तळाचं झाकण ग्रिप न काढता पूर्ण उघडतं का, हे स्वतः उघडून बघा.

झाकणाचं महत्त्व यासाठी की बॅटरी आणि दोन्ही कार्डं तळालाच आहेत. एक एसडी, यूएचएस-टू या जलद प्रकारचं. दुसरं मायक्रोएसडी, तेही यूएचएस-वन या हळू प्रकारचं. ते नखाने दाबून बाहेर काढावं लागतं, गर्दीत पडलं तर सापडत नाही. दोन्ही कार्डांवर एकसारखी प्रत ठेवलीत तर वेग हळू कार्डाचा होतो. यूएचएस-वनची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी आतली मेमरी) भरला की कॅमेरा थबकतो. रॉ एसडीवर आणि जेपेग मायक्रोएसडीवर अशी वाटणी करा, आणि मायक्रोएसडी एकदा आत घातलं की तिथेच राहू द्या. तपासायला जाताना स्वतःची दोन्ही कार्डं न्या, घरी येऊन फाइली मोठ्या पडद्यावर बघता येतील.

जुन्या लेन्ससाठी मात्र हा कॅमेरा मनापासून घेण्यासारखा आहे, आणि तुमच्या दोन लेन्स हेच तुमच्या बाबतीतलं सर्वांत मोठं कारण आहे. जुन्या निकॉन लेन्स या बॉडीवर बसवणारा अडॅप्टर एफटीझेड टू घ्या. पहिल्या एफटीझेडला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, तो आडवा येतो. एआय-एस लेन्सवर ॲपर्चर रिंगनेच बदलतं आणि ए व एम हे दोनच मोड कामाचे. मग सेटअप मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये (चिप नसलेल्या लेन्सची माहिती भरायची जागा) क्रमांक १ ला ५० मिमी आणि एफ/१.८, क्रमांक २ ला १०५ मिमी आणि एफ/२.५ असं भरा. हे नुसतं नोंदीसाठी नाही. बॉडीतलं स्थिरीकरण किती हलायचं हे फोकल लेंग्थवरून ठरवतं. १०५ लावून मेनूत ५० राहिलं तर हात हलल्याची भरपाई निम्मीच होते. उलट केलंत तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो आणखी बिघडतो. स्थिरीकरण काम करत नाही अशी तक्रार जुन्या लेन्सवर आली की आधी हा क्रमांक तपासावा. लेन्स क्रमांक निवडणं एखाद्या एफएन (हवं ते काम नेमता येणाऱ्या) बटणावर टाका, म्हणजे लेन्स बदलताना विसरणार नाही.

झेडएफची खरी जादू मॅन्युअल फोकसमध्येच दिसते. सब्जेक्ट डिटेक्शन माणसावर ठेवलंत तर मॅन्युअल लेन्सवरही चौकट चेहऱ्यावर, डोळ्यावर येते. झूमचं बटण दाबा, व्ह्यूफाइंडर थेट त्या डोळ्यावर मोठा होतो, फोकसची रिंग फिरवून पापण्या करकरीत करा आणि परत पूर्ण चौकटीवर या. १०५ एफ/२.५ वर आजी-आजोबांचे फोटो काढून बघा, बाकीच्या सगळ्या त्रुटी विसराल. फोकस उघड्या ॲपर्चरवर करा. एफ/८ वर रिंग ठेवून केला तर चित्रच खोलवर स्पष्ट दिसतं, पीकिंगचे (फोकसमधल्या कडा दाखवणारे) रंग सगळीकडे उमटतात आणि नेमका फोकस कुठे आहे ते कळत नाही. त्याआधी दोन्ही लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी; ती लेन्स साफ करून घेतल्याशिवाय नव्या बॉडीशेजारी ठेवू नका.

परीक्षणांत न सापडणारी दुसरी बाब म्हणजे आपला पावसाळा. बॉडी सांध्यांना सील केलेली आहे, पण सील पावसाच्या सरीसाठी असतं, दहीहंडीच्या फवाऱ्यासाठी नाही. आणि झाकण तळाला असल्यामुळे एक धोका वाढतो: ओला कॅमेरा कार्ड बदलायला उलटा केला की कडेचं पाणी नेमकं झाकणाच्या फटीवर येतं. आधी तळ पुसा, मग उलटा करा, मग उघडा. येऊरला किंवा खारघरच्या धबधब्याकडे जाताना हे पाळा. थंड एसी गाडीतून दमट हवेत उतरायचं असेल तर कॅमेरा गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने काढा. वाफ पिशवीवर धरते, सेन्सरवर नाही. घरी ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीससाठी ते बरं नाही. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, हे पुरतं. ऐरोलीच्या खाडीतून आल्यावर बॉडी किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून मग कोरडी करा. खारट थर डायलच्या फटीत बसू देऊ नका.

फ्लेमिंगोंबद्दल स्पष्ट सांगतो: त्यांच्यासाठी हा कॅमेरा घेऊ नका. ऐरोलीच्या बोटीतून थव्याचे, पाण्यात उभ्या पक्ष्यांचे फोटो छान येतील. एकट्या उडत्या पक्ष्यासाठी १८०-६०० मिमीसारखी जवळपास दोन किलोची लेन्स लागते आणि ती या सपाट बॉडीवर धरणं ग्रिपशिवाय जाचक आहे. डीएक्स क्रॉप केलात (फक्त मधला भाग घेतलात) तर हाती साधारण साडेदहा मेगापिक्सेल उरतात. हौसेपुरतं करायचं तर मेकॅनिकल शटर, १/२०००, पक्षी हा विषय निवडून, आणि बर्स्ट साध्या ‘एच’वर. ‘एच एक्स्टेंडेड’ला आकडा मोठा आहे, पण मधला व्ह्यू अडखळतो आणि पक्षी चौकटीतून निसटतो.

पर्याय फार नाहीत. वजन नको असेल आणि ॲपर्चरची रिंग हवी असेल तर फुजीफिल्म एक्स-टी५: ५५७ ग्रॅम, ४० मेगापिक्सेल, दोन पूर्ण आकाराची एसडी कार्डं, आणि डायलवरच ऑटोची खूण, म्हणजे मोड डायलवरून ठरतो. निकॉनचाच झेडएफसी ४४५ ग्रॅमचा, पण त्यात स्थिरीकरण नाही आणि सीलही नाही, तुमच्या पावसाळ्यासाठी आणि जुन्या लेन्ससाठी मी सुचवणार नाही. पाण्यापासून संरक्षण सर्वांत महत्त्वाचं असेल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ओएम-३ बघा, आयपी५३ दर्जाचा. कार्ड मात्र एकच. तुमच्याकडच्या ५० आणि १०५ लेन्स पूर्ण फ्रेमवर ५० आणि १०५ सारख्याच वागाव्यात असं वाटत असेल तर या तिघांपैकी कुठलाच चालणार नाही, तिघांचेही सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान आहेत.

घ्यायचा ठरला तर भारतातली वॉरंटी आणि जीएसटीचं बिल यांच्याशिवाय घेऊ नका; बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि बॉडीवरच्या नंबरशी जुळवा. खोक्यात चार्जर आहे का ते विचारा, नसेल तर यूएसबी-सीने बॉडीतच चार्ज होतो. सेटअप मेनूत फर्मवेअरचा आकडा बघा. सुरुवातीच्या परीक्षणांनंतर बरेच अपडेट आले आहेत, ते पूर्ण बॅटरीवर घाला आणि मगच ऑटोफोकसबद्दल मत बनवा. वापरलेला घेत असाल तर एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन सेन्सरवरचे ठिपके पाहा, कडेचं चामडं कुठे उचललंय का नखाने तपासा, मायक्रोएसडीच्या खाचेत कार्ड खटकन बसतं का ते बघा, आणि मायक्रो एचडीएमआयचं तोंड सैल नाही ना याची खात्री करा. ते नाजूक असतं. खरेदीचा क्रम माझ्या मते बॉडी, ४० मिमी, एफटीझेड टू आणि चांगली कार्डं असा. झूम पहिल्या महिन्यात घेऊच नका, आणि लांबची लेन्स फ्लेमिंगोंच्या त्या दोन-तीन रविवारांपुरती भाड्याने आणा.